पडत्या बाजाराला किती पाणी पाजायचे?

वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटच्या शिवारात डिसेंबर लागला की संत्र्याच्या बगीच्यांचे पाणी तोडतात. विहिरीत पाणी असते, मोटर जागच्या जागी असते, रात्रीची का होईना वीजही असते. तरी ओलीत बंद. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. आंबिया बहाराचे फूल एकदम आणि भरघोस फुटावे म्हणून झाडाला मुद्दाम तहानलेले ठेवायचे, याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. मधेच कीव येऊन कोणी पाणी सोडले तर फुलाऐवजी नवती फुटते. झाड हिरवेगार दिसते, फळ मात्र धरत नाही.

तोच शेतकरी मे महिन्यात वेगळा वागतो. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात बेसुमार उपशाने भूजल खोल गेले आहे. विहिरी कोरड्या पडल्या की तो विकतचा टँकर आणून झाडे जगवतो. त्या वर्षीच्या फळाची आशा सुटली असली तरी आणतो. शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचे, रोपवाटिकांचे गाव. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधल्यापासून झाडावर विकण्याजोगे फळ येईपर्यंत किती वर्षे जातात, ते इथे कोणालाही विचारावे. बहार गेला तर एक वर्ष जाते, झाड वाळले तर अर्धी पिढी.

शेअर बाजार कोसळतो तेव्हा मध्यवर्ती बँकेपुढे नेमका हाच पेच असतो: समोर दिसतो तो ताण आहे की दुष्काळ? पाणी तोडून बसायचे की टँकर मागवायचे?

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत असताना सेन्सेक्स एका दिवसात ४,३९० अंकांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांनी पडला. डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्येच १० कोटींवर गेली होती, त्यामुळे ही पडझड आता फक्त दलाल स्ट्रीटची उरली नव्हती. तालुक्याच्या गावातला कृषी सेवा केंद्रवालाही मोबाइलवर लाल आकडे पाहत होता. रिझर्व्ह बँकेने काय केले? काही नाही. तीन दिवसांत, ७ जूनला, सेन्सेक्स पुन्हा नव्या उच्चांकावर होता. त्याच्या चार वर्षे आधी, २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी म्हणजे १३ टक्क्यांनी कोसळला, तेव्हा चारच दिवसांत याच बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला, बँकांनी राखून ठेवायच्या रोख रकमेचे प्रमाण चारावरून तीन टक्के केले आणि एकूण ३.७४ लाख कोटी रुपये मोकळे होतील अशी व्यवस्था केली. दोन्ही दिवशी पडझड झाली, एका दिवशी बँक हलली नाही, दुसऱ्या वेळी धावत आली. हा फरक का, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि गंमत म्हणजे तो रस्ता वऱ्हाडातूनच जातो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली येऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. नागपूरपर्यंत रेल्वे पोचायला १८६७ साल उजाडायचे होते. पण खामगाव, अकोला, अमरावतीच्या पेठांतला कापूस बंड्यांवर लादून मुंबईच्या दिशेने निघाला आणि युद्धाच्या काळात मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सात कोटी पौंडांहून जास्त रक्कम पडली, असे सांगितले जाते. इतका पैसा ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र तेव्हा जागच्या जागीच होता.

या सगळ्या खेळाच्या मध्यभागी होती बँक ऑफ बॉम्बे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही बँक आजच्या अर्थाने मध्यवर्ती बँक नव्हती, पण त्या काळी तिच्याइतके जवळचे दुसरे काही नव्हते. सरकार तिचे भागधारक, सरकारी अधिकारी तिच्या संचालक मंडळावर, आणि १८६२ पासून सरकारी खजिन्याची शिल्लकही तिच्याकडे. तिच्या जुन्या सनदेत कर्जाच्या तारणाबद्दल कडक अटी होत्या. १८६३ च्या नव्या कायद्याने त्या सैल केल्या आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. बाजाराचे सम्राट मानले जाणारे प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत चालत होता. वर चढलेला शेअर तारण ठेवायचा, कर्ज घ्यायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, त्यांनी भाव आणखी चढला की पुन्हा तारण. बँकेच्याच पैशाने भाव फुगत होता आणि फुगलेल्या भावाच्या भरवशावर बँक आणखी पैसा देत होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचल्यावर कापसाचा भाव बसला, त्याच्यामागोमाग शेअर बसले. १ जुलै १८६५ ही वायद्यांची तारीख होती. त्या दिवशी अनेकांनी हात वर केले. खरा धडा पुढचा आहे: घसरण सुरू झाल्यावरही बँक हात आखडता घेत नव्हती. मोठे कर्जदार बुडाले तर आपणही बुडू, या भीतीने किंवा मैत्रीने, तिने पडत्या भावाला टेकू देणे चालू ठेवले. टेकू द्यायला गेलेली बँकच आडवी झाली. तिच्या ज्या शेअरला एकेकाळी २,८५० रुपये मिळाले होते, तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली. जवळजवळ सगळे भांडवल बुडाले, १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. दिनशा वाच्छा यांनी तारुण्यात हा काळ पाहिला होता. पुढे १९१० मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र अजून वेळ सांगतो आहे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला यातले शेअर ठाऊक नव्हते, भाव ठाऊक होता. तो पडला. चढत्या भावाच्या भरवशावर उचललेले सावकाराचे कर्ज तेवढे उरले.

त्याच नावाने पुन्हा उभ्या राहिलेल्या नव्या बँक ऑफ बॉम्बेवर १८७६ च्या कायद्याने वेसण घातली. १९२१ मध्ये ती इंपीरियल बँकेत आणि त्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिच्या कायद्यात एकोणिसावे कलम घालण्यात आले. रिझर्व्ह बँकेने काय करायचे नाही, याची ती यादी आहे. व्यापार करायचा नाही, स्थावर मालमत्तेवर कर्ज द्यायचे नाही, आणि काही ठरावीक अपवाद सोडता कोणत्याही कंपनीचे शेअर विकत घ्यायचे नाहीत किंवा त्यांच्या तारणावर कर्जही द्यायचे नाही. कायदा ब्रिटिश मुशीतला असला तरी १८६५ ची मुंबई ज्याला ठाऊक आहे त्याला हे कलम वाचताना ओळखीचे वाटते.

म्हणजे बाजार पडला की ‘रिझर्व्ह बँकेने काहीतरी करावे’ असा जो गलका होतो, त्यातला सर्वांत सरळ अर्थ, शेअर विकत घेऊन भाव सावरा हा, आपल्याकडे कायद्यानेच बाद आहे. मग उरते काय? उरते रोकड, आणि ती काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

शेअर पडला की ज्याने स्वतःच्या बचतीतून तो घेतला त्याचे नुकसान कागदावर राहते. तो थांबू शकतो. ज्याने उधारीवर घेतला त्याला थांबता येत नाही. दलाल आणखी अनामत मागतो, ती नसेल तर शेअर विकून टाकतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या माणसाची अनामत अपुरी ठरते. म्युच्युअल फंडांतून लोक पैसे काढू लागले की फंडाला चांगले-वाईट जे विकले जाईल ते विकावे लागते. अशा वेळी एखादी मोठी पेढी ठरल्या दिवशी पैसे भरू शकली नाही, तर तिच्याकडून येणे असलेला दुसरा अडकतो, मग तिसरा. या साखळीच्या टोकाला बँका असतात. तिथपर्यंत आग पोचली की ज्याचा शेअरशी काही संबंध नाही, त्या जिनिंगवाल्याची हुंडीही वटेनाशी होते.

लंडनने हे १८६६ मध्ये अनुभवले. ओव्हरेंड गर्नी ही प्रचंड पेढी मे महिन्यात बुडाली आणि शहरात हाहाकार उडाला. वॉल्टर बॅजट यांनी १८७३ च्या ‘लोंबार्ड स्ट्रीट’ या पुस्तकात त्यावरून जो नियम मांडला तो आजही मध्यवर्ती बँकांचा पाठ आहे: घबराटीत हात सैल सोडून कर्ज द्या, पण चांगल्या तारणावर द्या आणि व्याज चढे लावा. बँक ऑफ बॉम्बेने यातले पहिले अर्धेच केले होते. कर्ज मुक्तहस्ते दिले, तारण मात्र फुगवलेले घेतले.

हा नियम नीट पाळला गेल्याचे एक उदाहरण १७ मे २००४ चे. निकालानंतर डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार या धास्तीने सेन्सेक्स दिवसभरात एका वेळी ८४२ अंकांनी खाली गेला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले आणि दिवस संपला तेव्हा घसरण ११ टक्क्यांची होती. गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या रिझर्व्ह बँकेने भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने एवढेच जाहीर केले की बँकांना रोकडीची चणचण भासू दिली जाणार नाही आणि देणीघेणी वेळेवर होतील. बाजाराला तेवढे पुरले. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळल्यावर दुसऱ्या सकाळी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनीही एका वाक्याचे असेच निवेदन काढले होते. विश्वासू सावकाराने ओट्यावर येऊन ‘पेटी उघडी आहे’ म्हटले की निम्मे लोक पैसे न मागताच घरी जातात.

याचा पुरावा एप्रिल २०२० मध्ये मिळाला. फ्रँकलिन टेंपल्टनने सहा कर्जरोखे योजना अचानक बंद केल्या आणि इतर फंडांतूनही लोक पैसे काढतील अशी भीती पसरली. २७ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी, बँकांच्या मार्फत, ५० हजार कोटींची खिडकी उघडली. त्यातून प्रत्यक्षात उचलले गेले ते अडीच हजार कोटींच्याही आत.

२००८ चे उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखे आहे. जानेवारीत २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर घसरत राहिला. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणि रोख राखीव प्रमाण ९ वरून ५ टक्क्यांवर आणले. तरीही मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८,१६० वर होता. भाव सावरणे हा उद्देश असता तर हे अपयशच म्हणावे लागले असते. पण मोठी बँक एकही बुडाली नाही, एटीएमसमोर रांगा लागल्या तरी पैसे संपले नाहीत. झाडे जगली. बहार त्या वर्षी गेला तो गेला.

थेट शेअर विकत घेण्याचे प्रयोग जगात झाले आहेत, आणि त्यातला एक यशस्वीही झाला हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ऑगस्ट १९९८ मध्ये आशियाई संकटाच्या लाटेत सट्टेबाजांनी हाँगकाँगच्या चलनावर आणि शेअर बाजारावर एकाच वेळी हल्ला चढवला. तिथल्या चलन प्राधिकरणाने दोन आठवड्यांत ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर घेतले. मुक्त बाजाराचे भक्त चिडले, पण डाव जमला. पुढच्या वर्षापासून ते शेअर एका फंडाच्या रूपाने जनतेला नफ्यात विकले गेले. मात्र तिथे शत्रू ठरावीक होता, मुदत थोडी होती आणि बाहेर पडायची वाट आधीच शोधली गेली.

जपानला ती वाट सापडली नाही. बँक ऑफ जपानने डिसेंबर २०१० पासून शेअरवर आधारित फंड घ्यायला सुरुवात केली. मंदीवर उतारा म्हणून सुरू झालेले हे औषध मार्च २०२४ पर्यंत चालू राहिले. तोवर खरेदीच्या भावाने ३७ लाख कोटी येनांचा साठा जमला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये बँकेने तो हळूहळू विकायचे ठरवले, वर्षाला ३३ हजार कोटी येन, बाजार बिथरू नये म्हणून. भागाकार करून पाहिला तर साठा संपायला शंभराहून अधिक वर्षे लागतात.

वऱ्हाडी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण भाव धरून ठेवण्याचा एक मोठा प्रयोग त्याने आपल्या अंगावर झेललेला आहे. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासून प्रत्यक्षात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्यातला कापूस फक्त पणन महासंघाला घालायचा होता. हेतू चांगलाच होता: व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण एक भाव ठरवला की सीमा जागी होते. इथला भाव चढा असला की परप्रांतातला कापूस आत येई, बाहेरचा चढा असला की इथला कापूस रात्रीच्या अंधारात बाहेर जाई. शेंदूरजनाघाटहून मध्य प्रदेशची हद्द ती किती दूर! चुकारे थकत गेले, तोटा हजारो कोटींवर पोचला आणि २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली. भाव तर धरला, पण तो धरणाऱ्याच्या हातात माल साठत गेला आणि सोडायचा कधी हे कोणालाच सांगता येईना. टोकियोतही नेमके हेच घडले.

तरी एक तक्रार उरते, आणि ती खोटी नाही. २०२३ मध्ये बांगलादेशने संत्र्यावरचे आयातशुल्क किलोला ८८ टका इतके केले आणि वरुडच्या पट्ट्यातला भाव कोसळला. आंदोलने झाली, मग राज्य सरकारने निर्यातीसाठी सुमारे १७० कोटींचे अनुदान जाहीर केले. सेन्सेक्ससाठी चार दिवस, संत्र्यासाठी कितीतरी महिने, असे शेतकरी म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचे? तांत्रिक उत्तर असे की रिझर्व्ह बँक सेन्सेक्ससाठी नव्हे, बँकांसाठी धावली. पण पाणी एकदा पाटात सोडले की ते कोणाच्या वावरात जास्त मुरेल, यावर सोडणाऱ्याचा ताबा राहत नाही. मार्च २०२० मध्ये २५,९८१ वर गेलेला सेन्सेक्स जानेवारी २०२१ मध्ये ५० हजारांना शिवला. त्याच वेळी बँकेतल्या वर्षभराच्या मुदत ठेवीचा दर पाच टक्क्यांच्या आसपास उतरला होता. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या निवृत्त शिक्षकाने आपल्या वाट्याचे पाणी दिले आणि पीक दुसऱ्याच्या वावरात आले. खुद्द रिझर्व्ह बँकेच्या मे २०२१ मधल्या वार्षिक अहवालात लिहिले होते की अर्थव्यवस्था आकसलेली असताना शेअर इतके चढणे ही फुगवट्याची जोखीम आहे. टँकर मागवणे सोपे, परत कधी पाठवायचा हे अवघड. मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर आलेला रेपो दर पुन्हा वाढायला मे २०२२ उजाडला.

म्हणून मध्यवर्ती बँकेचे खरे काम बहुधा पडझडीच्या दिवशी नसतेच. ते तेजीच्या दिवसांत असते, उधारीवर शेअर घेणाऱ्यांची संख्या मोजण्याचे आणि बँकांचा पैसा त्या बाजूला किती वाहतो यावर बांध घालण्याचे. १९९२ मध्ये हा बांध फुटला होता. हर्षद मेहता प्रकरणात रोख्यांच्या व्यवहारांच्या आडून बँकांचा पैसा शेअर बाजारात गेला, जानकीरामन समितीने सुमारे चार हजार कोटींची खाच मोजली आणि सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड खोट्या पावत्यांपायी कायमची बंद पडली. २००१ मध्ये केतन पारेख प्रकरणात माधवपुरा मर्कंटाइल ही सहकारी बँक गेली, आणि नागरी सहकारी बँकांनी शेअर दलालांना कर्जे देण्यावर रिझर्व्ह बँकेने बंदी घातली. प्रत्येक अपघातानंतर बांध थोडा उंच झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तो थोडा खाली आणण्याचे ठरले. डीमॅटमधल्या शेअरच्या तारणावर बँक एका व्यक्तीला २० लाखांपर्यंतच कर्ज देऊ शकत असे. ती मर्यादा एक कोटी करण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, आणि नव्या शेअरविक्रीत अर्ज करण्यासाठीच्या कर्जाची मर्यादा १० वरून २५ लाख. बाजार तेव्हा चढा होता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आज जास्त पारदर्शक आहेत, अनामतीचे नियम कडक आहेत, सेबी आहे. १८६३ च्या मुंबईत यातले काहीच नव्हते. तेव्हाही तारणाच्या अटी सैल झाल्या त्या चढत्या बाजारातच, आणि त्यानंतर दोन वर्षांनी १ जुलैची तारीख आली होती.